गुरुवारची लाल पट्टी

छाया विधाते मोटारसायकल शिकली तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. नवऱ्याला, मोतीरामला, सिन्नरच्या कारखान्यात पहिली पाळी लागली आणि कंपनीची गाडी त्याला पहाटे साडेपाचलाच फाट्यावरून उचलून न्यायला लागली. आता फुलं बाजारात कोण नेणार, हे घरात आठवडाभर कुणी मोठ्यानं विचारलं नाही. आठव्या दिवशी छायानं अंगणातली गाडी स्टँडवरून काढली आणि शेवंतीच्या वाफ्यांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटेवर तीन वेळा पडून, चौथ्या वेळी विहिरीपर्यंत नेली. सासू कलाबाई विहिरीजवळ झेंडू खुडत होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "आता परत बी आण तशीच."

म्हसरूळच्या पुढं त्यांची दीड एकर जमीन. शेवंती, झेंडू आणि बांधाच्या कडेनं गुलछडी. रोज सकाळी दोन गाठोडी गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि तिसरं मागच्या सीटवर बांधून छाया दिंडोरी रोडनं पंचवटीतल्या फूलबाजाराकडे निघायची. अंतर फार नव्हतं, पण तो रस्ता सकाळी भाजीच्या ट्रकांचा असायचा. मार्केट यार्डाकडे जाणारे टेम्पो, कोबीनं वरपर्यंत भरलेल्या पिकअप गाड्या, दुधाचे टँकर. त्यांच्यामधून वाट काढताना छाया खांदे आवळून घ्यायची, जणू ती बारीक झाली की गाडीही बारीक होईल. दिवाळीच्या आधी एका टेम्पोच्या आरशानं तिच्या खांद्याला धक्का दिला. ती वाचली, पण एक गाठोडं सुटलं आणि झेंडू रस्त्यावर पसरला. मागून येणाऱ्या गाड्या त्याच्यावरून एकामागून एक गेल्या. छाया कडेला उभी राहून बघत होती. सगळा रस्ता पिवळा झाला, मग हळूहळू काळपट.

त्याच रस्त्याच्या डाव्या कडेला शहर बससाठी लाल रंगानं रंगवलेली एक पट्टी होती. ती बहुतेक वेळ रिकामीच असे. दुसरं कुणी तिच्यात शिरलं की पोलीस पावती फाडत. छाया रोज ट्रकांच्या धुरात अडकून त्या रिकाम्या लाल पट्टीकडे बघायची. लहानपणी उन्हाळ्यात बंद दाराच्या फटीतून दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी दिसावं, तसं तिला वाटायचं.

दिवाळीनंतर पट्टीच्या सुरुवातीला एक पाटी लागली. तीन महिने प्रयोग म्हणून, सकाळी सहा ते दहा, दुचाकींना बसच्या लेनमधून जायची परवानगी.

पहिल्या सकाळी छायाला आत शिरायला धीरच होईना. शेवटी पुढचा एक दूधवाला शिरला आणि त्याच्या मागून तिनं चाक लाल रंगावर घातलं. त्या क्षणी आवाजच थांबला. म्हणजे ट्रक तिथंच होते, उजवीकडे, हॉर्न वाजवत, पण ते दुसऱ्या कुणाच्या गावात असल्यासारखे. थंडीचं धुकं रस्त्यावर उतरलं होतं. पट्टी दहा-वीस हात पुढं लाल दिसायची आणि मग पांढऱ्यात विरून जायची, आणि छाया पुढं गेली की ती आणखी थोडी उलगडायची. गाठोड्यांतून शेवंतीचा ओला, किंचित कडवट वास येत होता. तिचे खांदे आपोआप खाली आले. पहिल्यांदाच तिला कळलं, की गाडी चालवताना माणूस श्वासही घेऊ शकतो.

तेवढ्यात मागून हॉर्न आला. लांबलचक.

बस तिला ओलांडून पुढच्या थांब्यावर आत वळली आणि छाया तिच्या उजव्या बाजूनं, ड्रायव्हरच्या खिडकीखालून निघाली, तेव्हा त्यानं मान बाहेर काढली. पन्नाशीचा माणूस, कानाला मफलर, डोळे जागरणानं लाल.

"ओ ताई, ही बसची लेन हाय."

"परवानगी दिलीय भाऊ. पाटी लावलीय तिकडं."

"पाटी मी पण वाचली. पण माझी गाडी अकरा टनांची हाय. मी ब्रेक दाबला की ती लगेच थांबत नाय. एवढं त्या पाटीवर लिहिलेलं नाय."

छायानं गिअर टाकला. ती निघून गेली. पण त्या दिवसापासून मागं बसचे दिवे दिसले की ती पुढच्या थांब्यासाठी कडेला आत घेतलेल्या खोबणीत गाडी घ्यायची आणि बसला पुढं जाऊ द्यायची. पहिले काही दिवस ड्रायव्हरनं तिच्याकडं पाहिलंही नाही. मग एकदा त्यानं स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. पुढच्या आठवड्यात अख्खा हात. बसमध्ये मैना नावाची कंडक्टर होती, तरणी, बडबडी, ती दारातून ओरडायची, "काय भाव आज शेवंती, मावशी?" आणि उत्तर ऐकायच्या आत बस धुक्यात शिरलेली असायची. मैनाकडूनच छायाला कळलं की ड्रायव्हरचं नाव सावळीराम कुटे, गाव सायखेडा, आणि वीस वर्षांत त्याच्या बसला साधा ओरखडाही नाही.

मार्गशीर्ष लागला. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरोघरी पूजा मांडतात आणि नाशिकला फुलं पुरत नाहीत. दुसऱ्या गुरुवारी छाया आणि कलाबाई पहाटे तीनपासून वाफ्यात वाकून होत्या. आदल्या रात्री वाफ्यांना पाणी द्यायची पाळी होती म्हणून छायाला नीट झोपही मिळाली नव्हती. साडेसहाला तिनं गाठोडी बांधली, चहा उभ्यानंच घेतला आणि निघाली.

लाल पट्टीवर आल्यावर नेहमीसारखे तिचे खांदे सैल झाले. त्या दिवशी ते जरा जास्तच सैल झाले.

पुढचं तिला असं आठवतं. ती पाण्यातून चालली होती. पाणी गुडघ्याएवढं, कोमट, लालसर, आणि त्याच्यावर झेंडूची फुलं तरंगत होती. ती पाय टाकायची तशी फुलं बाजूला व्हायची आणि मागं पुन्हा एक व्हायची. आजूबाजूला काहीच दिसत नव्हतं, पण त्याची भीती वाटत नव्हती. कारण तिच्या मागं कुणीतरी चालत होतं. खूप मोठं कुणीतरी. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता, संथ, जाड, पाठीला ऊब लागावी इतका जवळचा. मागं वळून बघायची गरजच नव्हती. ते आहे आणि ते राहणार, एवढं तिला ठाऊक होतं. मधूनच पाणी नाहीसं व्हायचं, लाल रस्ता दिसायचा, हातात हँडल असायचं. ती स्वतःला म्हणायची, छाया, डोळे उघड. आणि पुन्हा पाणी यायचं.

मग चाक कशाला तरी टेकलं. अगदी अलगद. पदपथाचा दगड होता. गाडी डावीकडे कलली आणि छाया गाठोड्यासकट खाली बसल्यासारखी पडली. एक गाठोडं फुटलं.

मैना धावत आली. तिनं आधी गाडी बंद केली, मग छायाचं कोपर धरलं. "लागलं का मावशी? अहो, झोप लागली होती का?"

छायाच्या कानात अजून तो श्वास होता. तिनं पाहिलं, बस चार हातांवर उभी होती, दोन्ही पिवळे दिवे लुकलुकत होते. काचेतून चाळीस माणसं बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "चाक घसरलं. दव होतं."

बसमधल्या दोन बायका उतरल्या आणि फुलं भरू लागल्या. एक म्हातारे गृहस्थ घड्याळ दाखवत मोठ्यानं काहीतरी बोलत होते. सावळीराम खाली उतरला नाही. तो जागेवर बसून तिच्याकडे बघत होता, आणि छायाला काचेतून त्याचे दोन्ही हात दिसले. ते थरथरत होते. तो रागावलाय, असं तिला वाटलं. तिनं नजर खाली केली आणि गाठोडं आवळलं.

घरी तिनं कुणाला सांगितलं नाही. कोपराला हळद लावताना कलाबाईनं विचारलं तेव्हाही ती चाक घसरल्याचंच म्हणाली. खोटं इतकं लहान होतं की दुसऱ्यांदा बोलताना ते खरंच वाटलं. फक्त तिला आता लाल पट्टीवर स्वस्थ वाटेना. ती गाणी म्हणायची, जीभ चावायची, डोळ्यांना पाणी लावून निघायची. सावळीरामची बस मागं आली की ती पहिल्याच थांब्यात शिरायची आणि त्याच्याकडे न बघता उभी राहायची.

पौषात तीन महिने भरत आले. दुचाकींना लेन द्यायची की बंद करायची, यावर लोकांचं म्हणणं ऐकायला शहराच्या वाहतूक विभागानं पंचवटीतल्या एका हॉलमध्ये बैठक ठेवली. फूलबाजारातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं, छायानं बोलायचं. तीच रोज त्या पट्टीवरून येते, त्यात बाईमाणूस आहे, तिचं ऐकतील. कलाबाई लुगडं बदलून बरोबर निघाली. "मी ऐकाया येते," म्हणाली. "तू लय हळू बोलती. मागं ऐकू आलं नाय तर मी सांगंन."

हॉलमध्ये एका बाजूला भाजी-फुलंवाले, दूधवाले, दवाखान्यात कामाला जाणाऱ्या नर्सबाया. दुसऱ्या बाजूला बसचे ड्रायव्हर-कंडक्टर. समोर टेबलामागं साधना मॅडम नावाच्या अधिकारी बसल्या होत्या, प्रत्येकाचं बोलणं स्वतः लिहून घेत. छायानं ड्रायव्हरांच्या रांगेत सावळीरामला पाहिलं. आज मफलर नव्हता. केस तेल लावून चापून बसवले होते.  हा आता उठणार आणि सांगणार, असं तिला वाटलं.

तो उठलाही. "दुचाकी यायला लागल्यापासून गाडीला रोज चार-पाच मिनिटं उशीर होतो," तो म्हणाला. "सगळेच काही थांब्यावर बाजूला होत नाय."

साधना मॅडमनी एक कागद वर उचलला. "कुटे, मार्गशीर्षात एका गुरुवारी तुमची गाडी पंधरा मिनिटं उशिरा पोहोचली. आणि तुम्ही दोन थांबे सोडले. प्रवाशांनी तक्रार केलीय, तुम्हाला नोटीसही गेलीय. काय झालं होतं?"

सावळीराम उभाच होता. त्यानं टेबलाच्या कडेकडे पाहिलं.

"धुकं होतं मॅडम."

"धुक्यात दोन थांबे दिसले नाहीत? वीस वर्षं त्या रस्त्यावर आहात."

"धुकं लय होतं," तो पुन्हा म्हणाला. "मी तसं लिहून दिलंय."

तो खाली बसायला वाकला. आणि छाया उभी राहिली. तिनं ठरवलं नव्हतं. आपण उभ्या आहोत हे तिला इतरांच्या माना वळल्यावर कळलं.

"धुकं एवढं नव्हतं," ती म्हणाली. "मी होते त्यांच्या पुढं. मला झोप लागली होती गाडीवर."

फूलबाजारातल्या लोकांत कुजबुज झाली. कुणीतरी मागून तिचा पदर ओढला. "अगं बस खाली, लेन जाईल आपली."

"मोठ्यानं बोल," कलाबाई म्हणाली.

छाया मोठ्यानं बोलली. तीनपासून वाफ्यात होते, म्हणाली. डोळे मिटत होते. पडले तेव्हा कंडक्टरबाईंना खोटं सांगितलं, घरी खोटं सांगितलं. भाऊंना काही झालं असेल तर ते माझ्यामुळं. 

साधना मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कुटे?"

सावळीरामनं मान हलवली, जणू कुणी त्याच्या खिशातलं काही काढून टेबलावर ठेवलं होतं. मग तो हळूहळू बोलू लागला, मॅडमशी नाही, छायाशीही नाही, मधल्या मोकळ्या जागेशी बोलावं तसा.

"ह्यांची गाडी म्हसरूळ सोडल्यावर हलाया लागली. डावीकडं जायची, परत सरळ व्हायची. मान पुढं पडायची. मला कळलं. हॉर्नवर हात गेला माझा, पण वाजवला नाय. झोपलेलं माणूस दचकलं तर कुठं फेकलं जाईल? उजवीकडं ट्रकांची रांग होती. म्हटलं, थांबलो तर मागून दुसरी गाडी येईल, तिला काय ठाऊक. म्हणून थांबे सोडले. पिवळे दिवे लावले आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मागं-मागं राहिलो. आवाजसुद्धा वाढवला नाय इंजिनचा. आतून लोक शिव्या घालत होते. मैना त्यांना गप्प करत होती. वाटत होतं, कुठंतरी गाडी आपसूक हळू होईल. झाली."

"किती अंतर?" साधना मॅडमनी विचारलं.

"दोन किलोमीटरला थोडं कमी."

 छाया खाली बसली. पाठीला लागलेली ती ऊब, तो जाड श्वास. दोन किलोमीटर. तिनं पदर तोंडाशी धरला. आपण रडतोय की काय, हे तिला कळत नव्हतं. छातीत काहीतरी मोठं, शांत आणि भीतीदायक भरून आलं होतं.

"आमची आई अशीच झोपायची," सावळीराम म्हणाला. आता तो थांबेना. "सायखेड्याहून बाजाराला वांगी घेऊन जायची बैलगाडीत. आम्हाला कुशीत घ्यायची आणि झोपायची. बैलांना रस्ता ठाऊक होता. मोटारसायकलला ठाऊक नसतो मॅडम."

 बाहेर एक रिक्षा सुरू होत होती, ती तीनदा खोकली आणि निघून गेली.

"मग तुमचं मत काय लिहू?" साधना मॅडमनी विचारलं. "लेन बंद करावी?"

 "मला भीती वाटते," तो म्हणाला. "रोज वाटते. दर वेळी मागं मीच असेन असं नाय. पण त्या दिवशी ह्या ट्रकांच्या रांगेत असत्या, तर आज इथं बोलाया आल्या नसत्या. दोन्ही लिहा."

मॅडमनी दोन्ही लिहिलं.

बाहेर पायऱ्यांवर छाया त्याच्यासमोर गेली. काय म्हणायचं ते तिनं मनात तीन वेळा जुळवलं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तुमचे हात थरथरत होते त्या दिवशी. मला वाटलं, रागावलात."

"रागावलो बी होतो," तो म्हणाला. "अजून हाय थोडा." आणि मग, "पुन्हा झोप आली तर थांबा कुठंबी. फुलं एक तास उशिरा विकली जातील."

"हो."

"नुसतं हो म्हणू नका."

दहा दिवसांनी निकाल लागला. परवानगी वर्षभर वाढली, पण वेगाला मर्यादा आली आणि प्रत्येक थांब्याच्या खोबणीत दुचाकींनी बसला वाट द्यायची, असा नियमच झाला. सावळीरामची नोटीस मागं घेतली. फूलबाजारात काही लोक छायाशी आठवडाभर तुटक वागले, मग विसरले. घरी मोतीरामनं सगळं ऐकून घेतलं, जेवण अर्धं टाकलं आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन दुसरी पाळी मागितली. ती उन्हाळ्यापर्यंत मिळणार नव्हती.

"तोवर मी बसते मागं," कलाबाई म्हणाली.

"तुम्ही?" छाया हसली. कलाबाई सदुसष्ट वर्षांची होती आणि आयुष्यात एकदाही मोटारसायकलवर बसली नव्हती.

"सण असल तवा. मला झोप लागत नाय आताशा, तिचा काही तरी उपेग होऊ दे."

माघातल्या गणेश जयंतीला ती खरंच बसली. मागच्या सीटवरचं गाठोडं मांडीवर घेऊन, एक हात छायाच्या कमरेला घट्ट. अंगणातून फाट्यापर्यंत ती देवाचं नाव घेत होती. दिंडोरी रोडवर ट्रक दिसले तेव्हा तिनं डोळे मिटले. आणि मग गाडी लाल पट्टीवर आली. धुकं होतंच, पातळ, कडेनं सोनेरी झालेलं. कलाबाईची पकड हळूहळू सैल झाली.

"छाया," तिनं कानाशी तोंड आणून विचारलं, "हे सगळं आपल्यालाच सोडलंय?"

"आपल्याला आणि बसला."

"लय मोकळं हाय गं. इतकं मोकळं तर आपलं वावर बी नाय."

मग ती बोलत राहिली. झेंडूच्या रोपांबद्दल, नणंदेच्या गुडघ्याबद्दल, रस्त्याकडेच्या प्रत्येक इमारतीच्या जागी पूर्वी कुणाचं शेत होतं त्याबद्दल. इथं पेरूची बाग होती, इथं मोट चालायची. छायाला वाटलं, आपण शहरातून नाही, कलाबाईच्या आठवणीतून गाडी चालवतोय. पण डोळे टक्क उघडे होते.

मागं दिवे दिसले. छायानं पुढच्या थांब्यावर गाडी आत घेतली. बस शेजारी येऊन हळू झाली. थांब्यावर उतरणारं कुणी नव्हतं, तरी थांबली. पुढच्या दारातून मैना वाकली. तिच्या पलीकडून सावळीराम मान लांबवून बघत होता.

"मावशी, आज जोडीनं?" मैना ओरडली.

कलाबाईनं मात्र तिच्याकडे लक्ष दिलं नाही. तिनं थेट आत हाक मारली. "सायखेड्याचे कुटे ना तुम्ही? आईचं नाव काय तुमच्या?"

"सरुबाई," आतून आवाज आला.

"माहेर कुठलं तिचं?"

"चांदोरी."

कलाबाई विचारात पडली. बसमधली माणसं घड्याळं बघू लागली. तिनं मनातल्या मनात चांदोरीची सगळी घरं धुंडाळली, सोयरिकी तपासल्या, आणि शेवटी खिन्नपणे मान हलवली.

"नाय बाबा, नाय ओळखत," ती म्हणाली. "पण वळख असाया पाहिजे होती."

सावळीराम हसला. मैनानं घंटी मारली आणि बस लाल पट्टीवरून पुढं निघाली. ती धुक्यात पुरती शिरेपर्यंत छाया थांबली, मग तिनं आरशात पाहून गाडी बाहेर काढली.